लेकराचा माठ

वरवट बकाल ओलांडून पुढे गेलं की सातपुडा दिसायला लागतो, पण जवळ म्हणून येत नाही. त्या बाजूच्या एका गावात बहुतेक घरांत पाण्याचे दोन माठ असतात. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या मुलींना बघायला येणारी माणसं आधीच 'जरा हस बरं पोरी' म्हणून दात तपासतात, त्यात माझ्या लिहिण्याची भर नको.

दोन माठांपैकी मोठा खाली, जमिनीत अर्धा पुरलेला. त्यात विहिरीचं खारं पाणी. घरातली मोठी माणसं तेच पितात, आणि बाहेरचा कुणी तोंड वाकडं करायला लागला की त्याची गंमत बघतात. दुसरा माठ लहान. तो लाकडी तिवईवर, ओलं फडकं गुंडाळलेला, वर झाकणी आणि झाकणीवर पालथा पेला. त्यात गोडं पाणी. त्याला म्हणतात लेकराचा माठ. घरचा कर्ता माणूस भर उन्हातून शेतातून आला तरी त्या माठाला हात लावत नाही. बाळंतिणीला त्यातलं मिळतं, पाहुण्याला मिळतं, डाळ शिजवायला तांब्याभर घेतलं जातं. बाकी सगळं लेकरांसाठी. मला ही रीत पहिल्या दिवशी इतकी आवडली की मी ती फोनवर आईला सांगितली.

आम्ही घाटावरचे, साखरखेर्ड्याकडचे. जिल्हा एकच, पण घाटावर आणि घाटाखाली ही दोन जगं आहेत. आमच्याकडे घाटाखाली मुलगी द्यायची म्हटलं की बायका आधी जावई काय करतो ते विचारत नसत, पाणी कसं आहे ते विचारत. पूर्णा नदीच्या त्या सगळ्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं, आणि खाऱ्या पाण्याने किडन्या जातात असं तिथलं शेंबडं पोरही सांगतं. आम्हा शिकलेल्यांची भाषा जरा शेपूट घालणारी असते. आम्ही म्हणतो, 'संबंध असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' माणूस गेला तरी शक्यता शिल्लक राहते.

मी संशोधक आहे. पाणी, धूर, फवारणीची औषधं यांनी लहान मुलांच्या तब्येतीचं काय होतं ते बघणं हे माझं काम. घरचे विचारतात तेव्हा मी सांगते, पोरांचे दात बघते आणि पाणी बाटलीत भरते. आईला ते ऐकून वाईट वाटतं, पण ते खोटं नाही. त्या गावात आम्ही गेलो ते खाऱ्या पाण्यासाठी. मुलांच्या कोवळ्या किडन्यांवर त्याचा काही परिणाम होतो का, हा प्रश्न. त्यासाठी आया आणि मुलं अंगणवाडीत यायची, मी विचारायची, मूल कोणतं पाणी पितं, खारं की गोडं?

हा प्रश्न विचारला की बायका चिडायच्या.

"खारं? लेकराले? आमी का येड्या हावो का मॅडम?"

अंगणवाडीला लागून एक घर होतं. तिथल्या बाईने आमची खोकी ठेवायला आपली ओसरी दिली होती. तिच्या घरात ती, तिचा नवरा, सासरा आणि एक मुलगी. सासू खूप आधी गेलेली. मुलगी चौथीत. थोड्या शेतात कपाशी आणि तूर, एक म्हैस. बाई माझ्यापेक्षा वयाने लहानच, पण पहिल्या दिवसापासून मला अशी दटावायची की जणू मीच तिची धाकटी जाऊ. "जेवून घ्या, मंग लिहा. कागद का पयून चालले?"

मी आले की ती तिवईवरच्या माठातून पेला भरून द्यायची आणि मी पिते की नाही ते बघत उभी राहायची.

"हा लेकराचा माठ हाये. आमी मोठे मानसं याले हात नाई लावत. पन तुमी पाहुन्या, तुमाले चालते."

ते पाणी खरोखर गोड होतं. घाटाखालच्या चहाने माझी जीभ आंबट झालेली असायची, त्या पाण्याने ती धुऊन निघायची. हे पाणी गावच्या विहिरीचं नव्हतं. नाल्यापलीकडे, गावठाणाच्या हद्दीवर, वर्गणी काढून एक खोल बोअर मारलेला होता. ही बाई लग्न होऊन आली त्याच वर्षी. आधीचे सगळे बोअर खारे निघालेले. हा मात्र खाली खडकात खूप खोल गेला आणि गोडं पाणी वर आलं. लोकांनी नारळ फोडले, गुलाल उधळला, बोअरवाल्याला टोपी-उपरणं दिलं. ती नवी नवरी होती, तिच्या हातून पहिल्या कळशीची पूजा झाली. हे सगळं तिने मला किती वेळा सांगितलं असेल. पायगुणाची सून म्हणून गावात तिचं नाव झालं होतं आणि ती ते नाव रोज सकाळी डोक्यावर दोन हंडे घेऊन राखत होती. नाला उतरायचा, चढायचा, पंपावर रांग धरायची, परत यायचं.

"माह्या पोरीनं खाऱ्या पान्याचा एक घोट नाई घेतला आजवर," ती म्हणायची. "जलमली तवापासून गोडंच."

सासरा बाजेवर बसून हसायचा. "आमी खाऱ्यातले मासे. आमाले गोड पचत नाई."

तो म्हातारा मला फार आवडायचा. अंगात सदरा नाही, कानात बाळी, आणि तोंड सतत चालू. फुटाणे खायचा, मक्याचं कणीस नुसतं दाताने सोलायचा. एकदा मी सगळ्यांचे दात बघते म्हटल्यावर त्याने आ केला. "पाहा. सुपारी फोडून दाखवू काय?" आणि खरंच फोडून दाखवली. मी टाळ्या वाजवल्या. त्याची नात बाजूला उभी होती, तीही हसली, तोंडावर हात ठेवून. ती नेहमी तसंच हसायची. मला वाटायचं लाजते.

लाजत नव्हती. तिचे दात पिवळे होते, वरच्या समोरच्या दोघांवर तपकिरी पट्टे, जणू कुणी काथाच्या बोटाने ओढलेले. शाळेत गुरुजी तिला पुढे बोलावून विचारायचे, घासत नाहीस का गं. म्हणून तिची आई रोज सकाळी तिला मोरीवर बसवून कोळशाची पूड, त्यात मीठ, असं बोटाने घासायची. हिरड्यांतून रक्त येईस्तोवर. पोरगी रडायची, आई म्हणायची, "घासू दे व माय, लोकं मले नावं ठेवतात." मी हे ओसरीवर बसून ऐकायची.

पट्टे बघताच मला कळायला हवं होतं असं माझे पुण्यातले सहकारी नंतर म्हणाले. थंडगार खोलीत बसलं की सगळं वेळेवर कळतं. पट्टे बघून शंका मलाही आली होती. पण पट्टे तर गावातल्या अर्ध्या मुलांच्या दातांवर होते आणि अर्ध्यांच्या नव्हते, आणि ती अर्धी कोणती हे काही लक्षात येईना, कारण विचारलं की सगळ्या आया गोडंच पाजतो म्हणत. एकाच गल्लीत, एकाच जातीत, एकाच मास्तरच्या वर्गात काही मुलं स्वच्छ हसत होती आणि काही तोंडावर हात ठेवत होती. शिवाय मुलीच्या गुडघ्यांचं काय ते वेगळंच. ती उभी राहिली की गुडघे एकमेकांना टेकायचे आणि पावलं लांब राहायची. धावताना ती पाय बाहेर फेकायची. लंगडीच्या डावात तिला कुणी घेत नसे. आई म्हणायची, दप्तराचं ओझं. सासरा म्हणायचा, तिच्या मावशीची चाल अशीच होती.

गाठ सुटली ती एका बाईमुळे. गावाच्या कडेला दोन-चार घरं शेतमजुरांची. तिथली ती बाई दोन मुलांना घेऊन आली. मुलं खंगलेली, एकाच्या नाकाला कायम शेंबूड, पण दात मोत्यासारखे. मी विचारलं, कोणतं पाणी? बाईने मान खाली घातली.

"खारंच मॅडम. मी कामाले जातो सकायी. नाल्यापलीकडं जाऊन गोडं आनाले मले टाइम कुठी भेटते?"

तिला लाज वाटत होती. गावात तिला नावं ठेवत, की लेकरांना खारं पाजते, कशी आई आहे. मी तिच्या मुलांचे स्वच्छ दात बघत राहिले.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी घरोघर हिंडले. आता मला काय शोधायचं ते माहीत होतं. जिथे तिवई स्वच्छ, फडकं ओलं, माठ झाकलेला, तिथलं पोर तोंडावर हात ठेवून हसत होतं. जिथे लेकराचा माठ नव्हताच, किंवा होता पण बहुतेक वेळ कोरडा असायचा, तिथली पोरं खाऱ्या पाण्यावर वाढलेली आणि त्यांचे दात धड. ज्या आईचा जीव जास्त, तिच्या पोराची हाडं जास्त वाकडी. हे वाक्य मी अहवालात लिहू शकले नाही. अहवालात अशी वाक्यं चालत नाहीत.

गोड्या बोअरच्या पाण्याची तपासणी करून आणली. त्यात फ्लोराईड होतं, मुलांना चालेल त्याच्या कितीतरी पुढे. खडकात खोल गेलं की कधी कधी असं पाणी लागतं. त्यात मीठ कमी, चुना कमी, म्हणून जिभेला ते गोड लागतं. साबणाला फेस येतो, डाळ लवकर शिजते, चहा फाटत नाही. आमच्या आयाआज्यांनी चांगलं पाणी ओळखायच्या ज्या काही खुणा शिकवल्या, त्या सगळ्या खुणांना ते पाणी उतरतं. आणि लहान मुलाचे दात आणि हाडं तयार होत असताना ते रोज पोटात गेलं की आत काम करत राहतं. म्हाताऱ्याचे दात केव्हाच तयार होऊन बसले होते. त्याला ते पाणी पाजलं असतं तरी त्याची सुपारी फुटली असती. ते पाणी जर कुणाला द्यायचंच होतं तर म्हाताऱ्यांना द्यायचं होतं. गावाने नेमकं उलटं केलं, आणि ते मायेपोटी केलं.

मला राग आला. कुणावर यायचा ते कळेना म्हणून सगळ्यांवर आला. बोअर मारला तेव्हा पाणी न तपासता नारळ फोडणाऱ्यांवर, तपासायचं काम ज्यांचं होतं आणि ज्यांनी ते केलं नाही त्यांच्यावर, माझ्या त्या 'खारं की गोडं' प्रश्नावर, देवावर. गाडीच्या चालकावरही मी विनाकारण ओरडले. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मी काऊन?" 

मारुतीच्या पारावर बैठक झाली. मी सोपं करून सांगितलं. काय आहे, कशाने होतं, दात का पिवळे, गुडघे का टेकतात. लोक शांत ऐकत होते. मला वाटलं पटलं. मग मागून एक जण उठला.

"मॅडम, त्या पान्यात डाय शिजते का नाई शिजत?"

"शिजते."

"साबन लागते का नाई?"

"लागते."

"मंग खराब कसं?"

लोक हसले. त्यात वाईट काही नव्हतं; एखाद्या पाहुण्या पोरीने चुकीचा हिशेब मांडावा आणि घरच्यांनी हसावं तसं. मी पुन्हा सांगितलं. दुसरा म्हणाला, ही जारवाल्यांची माणूस असेल, बाटलीबंद पाणी विकायचंय. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, पण शेवटी मी म्हणाले, "तुमच्या पोरांना उद्या चालता येणार नाही, मग डाळ शिजवून कुणाला घालाल?" ती बाई, ओसरीवाली, बायकांमध्ये बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. मुलीला उठवलं आणि निघून गेली. मागून ती पोरगी चालताना सगळ्यांना दिसत होती.

सरपंच भला माणूस. त्याने मला बाजूला घेतलं. "मॅडम, बंद करतो बोअर. मंग तुमी सांगा, लेकराले काय पाजू?"

हा खरा प्रश्न होता आणि तो विचारायला त्याला मिनिटभरही लागलं नाही. खारं पाजायचं, तर किडन्यांचं भय. त्यावरच तर आम्ही आलो होतो. नळ होता, प्रत्येक अंगणात तोटी होती, नवीकोरी, पण पाणी त्याला मनात येईल तेव्हा यायचं. ग्रामपंचायतीच्या आवारात पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं, ते बंद पडून त्यावर कबुतरांनी घर केलेलं. जारची गाडी यायची, पण रस्ता चिखलात गेला की यायची नाही. मी म्हणाले, मी वर लिहिते. सरपंच 'बरं' म्हणाला. तो 'बरं' ज्या आवाजात म्हणाला त्या आवाजात आमच्याकडे आजारी माणसाला 'बरं वाटेल हो' म्हणतात.

मी लिहिलं. मी पुष्कळ लिहिते. शेवटी एवढं झालं की कुणीतरी येऊन त्या बोअरच्या पंपाला लाल रंग मारून गेलं. लाल म्हणजे पिऊ नये. पण हे तिथल्या कुणाला कुणी सांगितलं नाही. मी पुढच्या खेपेला गेले तेव्हा पंपावर दोन झेंडूची फुलं आणि कुंकवाची बोटं होती, आणि रांग होती तशीच होती.

म्हातारा बाजेवरून म्हणाला, "तुमी त्याले शेंदूर फासला मॅडम. आता तं तो देवच झाला."

मी हसले. हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. म्हाताऱ्याने तोंड फिरवलं आणि म्हशीला उगाच हाक मारली.

बाई मात्र माझ्याशी बोलत नव्हती. ओसरी आमचीच होती, चहा येत होता, पण दटावणं बंद झालं होतं. तिवईवरचा माठ तसाच होता, ओल्या फडक्यात. मी एकदा म्हणाले, मुलीला हाडांच्या डॉक्टरला दाखवू या, मी बरोबर येते. ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "चाला."

मोठ्या गावातल्या दवाखान्यात आम्ही दुपारपर्यंत बसलो. पोरीने नवा फ्रॉक घातला होता. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्याने तिला चालायला लावलं, पाय सरळ करून बघितले, फोटो काढायला पाठवलं, फोटो उजेडात धरला. मग आईला विचारलं, "पाणी कोणतं पाजता?"

तिने मान वर केली. पारावर मी जे सांगितलं ते तिने ऐकलं होतं, तिला ते पाठ होतं, मला माहीत आहे. तरीही डॉक्टरने विचारल्यावर तिच्या तोंडून तेच निघालं जे इतकी वर्षं अभिमानाने निघत होतं.

"गोडं. पयल्यापासून गोडंच पाजतो साहेब. मी सोता आनतो, डोक्यावर."

डॉक्टरने फोटो खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तेवढ्यावरून तिला जे कळायचं ते कळलं. ती रडली नाही. तिने मुलीचा फ्रॉक गुडघ्यांवर नीट ओढला आणि तिथेच हात ठेवून बसली.

डॉक्टर म्हणाला, आत्ता पाणी बदललं तर पुढचं नुकसान थांबेल. वाढतं वय आहे, पाय थोडे सुधारतीलही. दूध द्या, तीळ द्या, आवळा द्या. नाही सुधारले तर मोठी झाल्यावर ऑपरेशन. दात मात्र असेच. पाणी बदलणं सगळ्यात महत्त्वाचं. त्याने ते कागदावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. बरंच पुढे गेल्यावर एकदाच बोलली, तेही बाहेर बघत.

"मजुराच्या बायकोले मी लय बोललो होतो, मॅडम. खारं पाजते म्हनून."

मी तिचा हात धरला. हात थंड आणि खरखरीत होता. मी म्हणाले, तुमची काही चूक नाही. हे मी मनापासून म्हटलं आणि त्याचा तिला काहीच उपयोग झाला नाही.

यानंतर काही महिने तिने जे केलं ते मी पाहिलं आहे. जारची गाडी येईल तेव्हा जार. नळ आला की अपरात्रीही उठून भांडी. पाऊस पडला की पत्र्याखाली पातेली लावून पावसाचं पाणी धरलं, गाळलं, उकळलं. गोड्या बोअरवर जाणं तिने सोडलं. रांगेतल्या बायका म्हणाल्या, पायगुणाची सून रुसली. पोरीला ती म्हणायची, काहीच नसलं तर खारं पी. पोरीला ते पिववत नव्हतं. जन्मापासून जिभेला गोडाची सवय लावलेली. खाऱ्याचा घोट घेतला की तिला ओकारी यायची. म्हातारा तिला लाडीगोडी लावायचा, आपल्या पेल्यातलं पाजायचा, "आपुन मासे हावोत नं?" म्हणायचा. ती दोन घोट घ्यायची आणि उरलेलं त्याचा डोळा चुकवून म्हशीच्या घमेल्यात ओतायची. शाळेतून तहानलेली यायची आणि तशीच निजायची. ती वाळत चालली.

यंदा एप्रिल महिन्यात मी गेले तेव्हा दुपार होती. त्या दिवसांत घाटाखाली दुपारी कावळाही दिसत नाही. नळ बरेच दिवस आला नव्हता. जारची गाडी बिघडली होती. मी ओसरीवर शिरले तर तिवईवर माठ होता, आणि त्याचं फडकं ओलं होतं. माझी नजर तिथे गेली हे तिने पाहिलं.

"आज सकायी आनलं," ती म्हणाली. "काल पोरगी शायेतून येताना पडली. चक्कर येऊन. तहानलेलं लेकरू पाहवत नाई मॅडम. मले नाई पाहवत."

मी पिशवी खाली ठेवली आणि ओसरीच्या कडेला बसले.

पोरगी आतून आली. उंच झाली होती. उंचीबरोबर गुडघेही जास्त टेकायला लागले होते. भिंतीचा आधार घेत ती खांबाशी आली आणि म्हणाली, "माय, पानी."

बाई उठली. पेला हातात घेतला आणि दोन्ही माठांच्या मधे उभी राहिली. एक खाली, एक तिवईवर. मग वळून तिने पेला माझ्यापुढे धरला.

"तुमी शिकलेल्या हा. तुमीच सांगा. कोन्या माठातलं देऊ?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. मी अशा प्रश्नांवर लेख लिहिले आहेत, परिषदांमध्ये बोलले आहे, चहाच्या मधल्या सुटीत लोकांनी येऊन माझं कौतुक केलं आहे. मी पेला हातात घेतला आणि मला तो कुठे बुडवायचा ते कळेना. मग मी पिशवीतून माझी पाण्याची बाटली काढली. तळाशी थोडं होतं. सकाळी घेतलेलं, गाडीत तापून कोमट झालेलं. ते पेल्यात ओतून पोरीला दिलं.

तिने ते एका दमात संपवलं. पेला खाली केला आणि जिभेने ओठ चाटले.

"याले काईच चव नाई," ती म्हणाली. "अजून हाये?"

बाटली मी उलटी करून दाखवली. ती हसली, तोंडावर हात ठेवून. मग भिंतीला धरत तिवईपाशी गेली, झाकणी काढली, पेला आत बुडवला. पाणी भरल्याचा आवाज आला. तिच्या आईने तिचा हात धरला नाही. मीही धरला नाही. तिने पेला भरून प्यायला, पुन्हा भरला, पुन्हा प्यायला, आणि बऱ्याच दिवसांनी पोट भरल्यासारखी आजोबांच्या बाजेवर जाऊन आडवी झाली.